रेडियमवाल्याचं परिवहन मंत्र्यांना खुलं पत्र : गाडीवरच्या नक्षीचा नियम एकदा कागदावर द्या

प्रति,
माननीय परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

साहेब, मी जालन्यात रेडियमचं काम करतो. टेम्पोच्या मागे ‘आईची कृपा’, कुणाच्या गाडीवर ‘जय शिवराय’, कुणाच्या ‘जय भीम’, ट्रॅक्टरच्या बोनेटवर मालकाच्या लेकरांची नावं, ही सगळी आमच्यासारख्यांच्या हातची कामं. दुकानात नक्षी कापणारं यंत्र म्हणजे कटिंग प्लॉटर, एक कॉम्प्युटर, व्हिनाइलचे म्हणजे चिकट प्लास्टिक फिल्मचे रोल आणि हीट गन, एवढाच पसारा. या धंद्याला पूर्वी नंबर प्लेटची जोड होती. 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाड्या एचएसआरपी म्हणजे उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावूनच येऊ लागल्या, पुढे जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली आणि प्लेटचं काम आमच्या हातून गेलं. गाडीचोरी रोखण्यासाठी तो नियम आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्या कामावर घर चालायचं त्याचा मोठा वाटा गेला, आणि त्याची जागा भरून काढणारं नवं काम आता दारात येऊन उभं आहे. ते म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांवरची सजावट.

राज्याच्या 2025 च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात समृद्धी महामार्गावर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफीची तरतूद झाली. समृद्धी आमच्या जालन्यावरूनच जातो. त्यामुळे हिरव्या प्लेटच्या, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्या आता फक्त संभाजीनगरात दिसतात असं राहिलं नाही. अंबड, परतूर, सेलूकडच्या लोकांच्या दारातही त्या उभ्या आहेत. बहुतेक पांढऱ्या नाहीतर करड्या, एकसारख्या. कर्ज काढून, घरच्यांची समजूत घालून घेतलेली गाडी असते, तेव्हा माणसाला वाटतंच की आपली गाडी आपली दिसावी. पोळ्याला बैलाची शिंगं रंगवून अंगावर झूल टाकणारा हा मुलूख आहे. इथल्या माणसाने गाडीला नक्षी मागितली तर त्यात नवल काय?

एका शिक्षिकाबाईंनी त्यांच्या पांढऱ्या गाडीवर पैठणीचा काठ मागितला. दोन्ही बाजूंना खालच्या अंगाने नारळी काठ आणि मागच्या दारावर एक बांगडी मोर. पैठण आमच्यापासून लांब नाही. त्यांच्या आईची जुनी पैठणी होती, तिच्या पदराचा फोटो त्यांनी आणला होता. काम कसं होतं ते मुद्दाम सविस्तर लिहितो, म्हणजे यात गाडीची ‘मोडतोड’ नेमकी कुठे होते ते आपल्यालाच ठरवता येईल.

फोटोवरून आधी कॉम्प्युटरवर नक्षी उतरवायची. मोराची मान पातळ असते. ती तशीच कापली तर उन्हाळ्यात टोकं उचलतात, म्हणून प्रत्येक टोक थोडं गोल करावं लागतं. मग प्लॉटरवर कटिंग, नको असलेला भाग सुईने उचलून काढणं, वरून ट्रान्सफर टेप. गाडी सकाळी लवकर घ्यायची. दहा वाजले की पत्रा तापतो, गोंद जागेवरच पकडतो आणि हात हलवायला वाव राहत नाही. आधी धुलाई, मग अल्कोहोलने पुसणं, कारण दाराच्या खालच्या कडेला मेणाचा आणि रस्त्यावरच्या डांबराचा थर असतोच. नंतर चिकटवायची आणि मधून कडेकडे पट्टी फिरवत हवा काढत जायची. दोन दारांच्या फटीत नक्षी अखंड ठेवून भागत नाही. ती कापावी लागते आणि कड आत वळवून हीट गनने बसवावी लागते, नाहीतर पहिल्याच धुलाईत पाणी शिरतं. यात कुठेही भोक पडत नाही, वायर कापली जात नाही, गाडीच्या रंगाला हात लागत नाही. उद्या नको वाटली तर गरम करून सावकाश ओढली की खालचा पांढरा रंग होता तसाच.

आता अडचण सांगतो. हीच गाडी रस्त्यात दोन ठिकाणी तपासणीला थांबवली गेली. एका ठिकाणी अधिकाऱ्यांनी मोर बघून कौतुक केलं आणि सोडून दिलं. दुसऱ्या ठिकाणी ‘आरसी बुकात रंग पांढरा आहे, गाडी पांढरी कुठे राहिली’ असं म्हणून मॉडिफिकेशनच्या दंडाची भाषा झाली. बाईंनी मला फोन केला. माझ्याकडे त्यांना दाखवायला एकही कागद नव्हता, कारण असा सोप्या मराठीतला कागद मला आजवर कुठे मिळालेला नाही.

कायदा जेवढा मला समजतो तो असा. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 मध्ये ज्याला बदल म्हटलं आहे, तो वाहनाच्या रचनेतला असा बदल, ज्याने वाहनाचं मूळ स्वरूपच बदलतं. बेकायदा बदल केला तर कलम 182अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. किरकोळ नियमभंगासाठी कलम 177 आहे, त्यात पहिल्या वेळी दंड 500 रुपयांपर्यंत. मोराचं चित्र पहिल्यात बसतं, दुसऱ्यात बसतं की कशातच बसत नाही? पन्नास मायक्रॉनच्या पापुद्र्याने गाडीची रचना बदलत नाही, हे मला सरळ दिसतं. पण रस्त्यावर उभं राहून हे कुणी कुणाला पटवायचं? नियम धूसर असला की निकाल समोरच्या अधिकाऱ्याच्या मनावर जातो, आणि तिथे ज्याची ओळख नाही तोच अडकतो.

यातला मला सर्वात जास्त लागणारा भाग वेगळाच आहे. तशाच पट्ट्या, तसंच ग्राफिक शोरूममध्ये गाडी घेतानाच लावून दिलं तर ते बिलात ॲक्सेसरी म्हणून येतं आणि सहसा कुणी काही विचारत नाही. त्याच मापाचं काम माझ्या दुकानात झालं की त्याला मॉडिफिकेशन म्हणतात. व्हिनाइल तेच, गोंद तोच, जागा तीच. फरक फक्त कुणी लावलं एवढाच. साहेब, नियम वस्तूला असावा, लावणाऱ्याच्या पाटीला नव्हे.

सगळंच मोकळं सोडा असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी बंदी हवीच, आणि ती कडक हवी. इलेक्ट्रिक गाडीबाबत तर जास्तच. या गाड्यांचं तोंड बऱ्याचदा बंद असतं, पेट्रोल गाडीसारखी मोठी जाळी नसते. म्हणून लोकांना वाटतं की पुढचा सगळा भाग चित्रासाठीच मोकळा आहे. पण बंपरच्या खालच्या अंगाला हवेच्या फटी असतात, त्यातून बॅटरी आणि मोटर थंड ठेवणाऱ्या यंत्रणेला हवा मिळते. काही गाड्यांत पुढच्या चिन्हामागे किंवा बंपरमागे समोरची गाडी ओळखणारं रडार असतं, त्यावर धातूचा अंश असलेली चकचकीत फिल्म लावली तर ते आंधळं होतं. पार्किंगच्या सेन्सरच्या गोल टिकल्या, काचेच्या वरच्या बाजूचा कॅमेरा, चार्जिंगच्या झाकणाची रबरी कड, दिवे, रिफ्लेक्टर, यांपैकी कशावरही पट्टी चालू नये. काचांचं तर ठरलेलंच आहे. पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश गेला पाहिजे. पण मागच्या काचेवरच्या दोन ओळींच्या नावाचं काय, हेही एकदा लिहून टाका.

हिरव्या प्लेटच्या आजूबाजूला हिरवी नक्षी मी स्वतः करत नाही, गिऱ्हाइकाने आग्रह धरला तरी नाही. प्लेट ठळक दिसली तर अपघाताच्या वेळी अग्निशमनच्या लोकांना लांबूनच कळतं की गाडी बॅटरीची आहे आणि हात कुठे घालायचा नाही. ती नक्षीत हरवता कामा नये. ‘पोलीस’, ‘शासन’, रुग्णवाहिकेचं चिन्ह यांची नक्कल करणाऱ्यांवर कारवाई होते, ती योग्यच आहे.

आमच्या भागासाठी आणखी एक गोष्ट. एप्रिल-मे मध्ये परभणी-नांदेडकडे पारा 42-43 च्या वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याला हात लाववत नाही. बाजारात मिळणारा स्वस्त रोल कॅलेंडर्ड असतो. गरम रोलरमधून ताणून काढलेलं पीव्हीसी असल्याने तापलं की ते पुन्हा आकसायला बघतं. कडा मागे सरतात, गोंदाची काळी रेघ उरते, पुढे तडे जातात. कास्ट फिल्म पातळ पसरवून सुकवलेली असते, तिच्यात तो ताण नसतो, म्हणून ती वळणावर बसते आणि वर्षानुवर्षं टिकते. पण ती महाग आहे. गिऱ्हाइकाला दोन्हींतला फरक डोळ्यांनी दिसत नाही, आणि त्यामुळे कास्ट सांगून कॅलेंडर्ड लावणारे आहेत. आमच्यातही आहेत. शिवाय फॅशन म्हणून पूर्ण गाडी काळी मॅट करून घेणारे वाढले आहेत. काळा पत्रा जास्त तापतो, आत एसी जास्त ओढतो, एसी बॅटरीवर चालतो, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी कमी पळते. मी गिऱ्हाइकाला हे तोंडावर सांगतो. काही ऐकतात, काही शेजारच्या दुकानात जातात.

म्हणून माझं मागणं एवढंच आहे की परिवहन विभागाने एक पानाचं, चित्रांसह, मराठीतलं परिपत्रक काढावं. खासगी गाडीचा मूळ रंग निम्म्याहून जास्त भागावर दिसत असेल, आरसीवरच्या रंगाने गाडी ओळखू येत असेल आणि मी वर लिहिलेल्या जागा मोकळ्या असतील, तर नक्षीला कुठलीही परवानगी लागू नये. आकडा निम्म्याऐवजी दुसरा ठरवायचा असेल तर तो ठरवा, पण ठरवा. पूर्ण गाडी गुंडाळून रंगच बदलला तर आरसीत नोंद हवी, हे मला मान्य आहे. फक्त ती नोंद घरबसल्या ऑनलाइन, फोटो जोडून व्हावी. त्यासाठी हिंगोलीच्या माणसाचा दिवस मोडू नये. काम करणाऱ्या दुकानाने कोणती फिल्म लावली, कुठे लावली आणि कधी लावली हे लिहिलेली पावती द्यावी, आणि ती पावती तपासणीत ग्राह्य धरली जावी. पावती खोटी निघाली तर दुकानदाराला धरा. त्याला आमची हरकत नाही. व्यवसायाच्या जाहिरातींचा विषय वेगळा आहे, तो यात मिसळू नका.

संभाजीनगरजवळच्या बिडकीनला इलेक्ट्रिक गाड्यांचे कारखाने येऊ घातले आहेत. तिथे किती स्थानिक पोरं लागतील हे मोठ्यांनी ठरवायचं आहे. पण गाडी रस्त्यावर आल्यावर तिच्याभोवती जी बारीकसारीक कामं उभी राहतात, त्यात हे एक आहे. माझ्याकडे दोन पोरं शिकतात. दोघांचाही हात चांगला आहे, एक तर वेरूळच्या कोरीव कामातल्या वेली बघून बघून काढतो. आयटीआयमध्ये मोटारीचे कोर्स आहेत, त्यांत फिल्म लावण्याचं आणि सेन्सर-कॅमेरा सांभाळण्याचं आठवडाभराचं शिक्षण घातलं तर ही पोरं प्रमाणपत्र भिंतीवर लावून काम करतील.

परिपत्रकाचा मसुदा करताना मराठवाड्यातल्या चार-दोन रेडियमवाल्यांना बैठकीला बोलवा. कास्टचा आणि कॅलेंडर्डचा एकेक तुकडा, उन्हात तडकलेली पट्टी आणि दाराच्या पत्र्यावर लावलेला नमुना, एवढं घेऊन मी यायला तयार आहे. आपल्या अधिकाऱ्यांसमोर लावून दाखवतो आणि काढूनही दाखवतो. तारीख कळवावी.

आपला नम्र,
जालन्यातला एक रेडियम कारागीर