शेवटच्या वर्षात काय मिळते

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत, की फ्रेंचच्या पदवीची मुले दुसऱ्या वर्षाअखेर भाषा बऱ्यापैकी बोलू-लिहू लागतात, तर शेवटच्या वर्षी त्यांच्या हाती नवे काय लागते? माझा शिकवण्याचा तास सुरू व्हायची वेळ झाल्यामुळे मी घाईघाईत काहीतरी उत्तर दिले आणि ते मलाच पटले नाही. माझ्या शेवटच्या वर्षाची फी तुम्ही दोघांनी कशी उभी केलीत हे मी विसरलेले नाही, म्हणून हे उत्तर मी तुम्हाला नीट देणे लागते.

बोलण्याची सफाई त्या वर्षात फारशी वाढत नाही, हे आधीच मान्य करते. वाढते ती शब्द निवडण्याची आणि त्या निवडीचे कारण देण्याची ताकद. गेल्या आठवड्यात भाषांतराच्या तासाला एका कथेतले साधे वाक्य होते. दारात उभा असलेला बाप मुलीला म्हणतो, ‘नू पार्तों दमँ’. फ्रेंचमध्ये ‘नू’ एकच. मराठीत मात्र ‘आम्ही उद्या निघतो’ म्हणायचे की ‘आपण उद्या निघतो’, हे ठरवल्याशिवाय पेन पुढे सरकत नाही. एका विद्यार्थिनीने ‘आपण’ लिहिले. तीन पानांनंतर मुलगी घरात एकटीच राहते हे वाचल्यावर तिने ते खोडून ‘आम्ही’ केले. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, की ते वाक्य ऐकताना मुलीला ‘आपण’ असेच वाटले असणार, आणि बापालाही ते तसेच राहू द्यायचे असेल, तर ‘आम्ही’ लिहून आपण त्याचे गुपित आधीच फोडतो. उरलेला सगळा तास त्या एका सर्वनामावर गेला. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात हेच वाक्य अर्ध्या मिनिटात झाले असते आणि कोणाला काही अडले नसते.

वाचनाचेही तसेच आहे. फ्रेंच लेखक फ्लोबेर यांच्या ‘मादाम बोव्हारी’ या कादंबरीवर १८५७ साली खटला भरला गेला, तेव्हा नायिकेला दोष देणारे पुस्तकात कोणीच नाही, ही सरकारी वकिलांची एक तक्रार होती. लेखक निर्दोष सुटले. या कादंबरीत पात्राच्या मनातले बोलणे अवतरणचिन्हांवाचून निवेदनातच मिसळलेले असते, त्यामुळे ते मत पात्राचे की लेखकाचे, हे चटकन कळत नाही. आपल्याकडेही ‘ती खिडकीशी गेली. आता कशाला येतोय तो!’ असे आपण सहज लिहितो. त्यातले दुसरे वाक्य कोणाचे, हे कोणी विचारत नाही. शेवटच्या वर्षी मुलांना ते विचारावे लागते, आणि उत्तरासाठी क्रियापदाच्या काळावर बोट ठेवून दाखवावे लागते. व्याकरण इतकी वर्षे कशासाठी घोटले, हे माझ्या मते त्यांना तिथे पहिल्यांदा कळते.

लिहिण्यात सगळ्यात जड जाते ती ‘दिसेर्तास्यों’, म्हणजे फ्रेंच पद्धतीचा निबंध. विषय हाती आला की ठाऊक असलेले सगळे ओतायचे, ही सवय तिथे मोडावी लागते. आधी त्या विषयात दडलेला प्रश्न शोधायचा आणि प्रत्येक परिच्छेद त्याच्याशी बांधायचा. डाल्फ या फ्रेंचच्या वरच्या पातळीच्या परीक्षेत, तिच्या सी-१ टप्प्यावर, मिळून सुमारे १००० शब्दांच्या दोन-तीन उताऱ्यांचा गोषवारा सुमारे २२० शब्दांत, स्वतःचे मत न मिसळता द्यायचा असतो. स्वतःचे मत बाजूला ठेवणे भल्याभल्या मुलांनाही जमत नाही, पण एकदा जमले की पुढे भाषांतर, दुभाषेपण, अध्यापन, काहीही करोत, ते उपयोगी पडते.

शिवाय फ्रेंच ही केवळ फ्रान्सची भाषा नाही हे मुलांना कळते. फ्रेंच भाषेची राखण करणाऱ्या, १६३५ साली स्थापन झालेल्या फ्रेंच अकादमीवर १९८३ साली सेनेगलचे कवी आणि माजी राष्ट्राध्यक्ष सेंघोर निवडून आले, तिथे पोहोचलेले ते पहिले आफ्रिकी होते. त्यांच्या कविता वाचताना, ज्यांनी राज्य केले त्यांच्याच भाषेत माणूस स्वतःचे कसे बोलतो, हा प्रश्न मुले आपणहून विचारू लागतात.

आई, त्या कथेचा उतारा मी मराठीत करून सोबत पाठवते आहे. बापाच्या वाक्यातली सर्वनामाची जागा मुद्दाम कोरी ठेवली आहे. तू आणि बाबा मिळून ठरवा आणि कारणासकट कळवा. सोमवारी वर्गात वाचून दाखवीन.

तुमची
मुलगी