आधार-पॅन सोसायटीच्या ग्रुपवर कशाला?

संपादक महोदय,

मे-जून आला की घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंत सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज येतो : ‘नवीन भाडेकरूंनी आधार, पॅन, फोटो आजच टाकावेत.’ आणि लोक टाकतातही, पुढून-मागून!

भाडेकरूच्या नोंदीसाठी लागते काय? लिव्ह अँड लायसन्स करार नोंदल्याचा पुरावा, पोलिसांना माहिती कळवल्याची पोच, राहणाऱ्यांची नावे, एक मोबाइल नंबर आणि अडीनडीला दुसरा. पॅनचे इथे काम नाही. ओळख पटवायची तर मूळ कार्ड ऑफिसात दाखवावे. प्रत द्यावीच लागली तर मास्क्ड आधार द्यावे. मायआधार संकेतस्थळावर ओटीपी टाकून डाउनलोड करताना ‘मास्क्ड’च्या चौकटीत टिक करायची, पहिले आठ आकडे झाकले जातात, शेवटचे चार दिसतात. पण जन्मतारीख आणि पत्ता तसाच राहतो, म्हणून तेही ग्रुपवर नको. फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष. ओळखीच्या माणसाला ते कुलूप नव्हेच.

मोबाइलमधल्या हायलायटरने नंबर खोडणारेही बरेच. तो रंग पारदर्शक असतो. फोटोचा उजेड वाढवला की आकडे वाचता येतात. भरीव काळी चौकट ठेवा आणि स्क्रीनशॉट काढून तोच पाठवा. झेरॉक्सवर ‘फक्त अमुक सोसायटीच्या भाडेकरू नोंदीसाठी’ असे तारखेसह मजकुरावरून आडवे लिहा. समासातले लिखाण कात्रीने जाते.

कराराची अख्खी प्रत तर ग्रुपवर नकोच. तीत दोन्ही पक्षांचे फोटो आणि अंगठ्याचे ठसे असतात. आधारवरून पैसे काढण्याच्या सेवेत ओटीपी लागत नाही. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोट पुरते. नोंदणी दस्तांवरच्या ठशांवरून नकली बोटे बनवून खाती रिकामी केल्याचे गुन्हे इतर राज्यांत उघड झाले आहेत. उपाय फुकट आहे : आधारचे बायोमेट्रिक (बोटांचे ठसे वगैरे) लॉक करावे, लागेल तेव्हा तात्पुरते उघडावे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.

‘नंतर डिलीट करू’ हा भ्रम आहे. ‘सर्वांसाठी डिलीट’ची मुदत साधारण अडीच दिवसांची, आणि त्याआधी फॉरवर्ड झालेली प्रत त्याने पुसली जात नाही.

गूगल फॉर्म जरा बरा, पण सेटिंगमध्ये ‘निकालाचा सारांश’ सुरू राहिला तर फॉर्म भरणाऱ्याला आधीच्यांची उत्तरे दिसतात. आणि फॉर्म खजिनदाराच्या खासगी जीमेलवर बनवला, तर कमिटी बदलल्यावरही सगळ्यांचे कागद त्याच्याच ड्राइव्हमध्ये राहतात. फॉर्म सोसायटीच्या ईमेलवरूनच बनवावा.

भाडेकरू निदान ‘का?’ विचारू शकतो. घरकामाला येणाऱ्या बायकांचे आधार मात्र सर्रास ग्रुपवर टाकले जाते, तेही त्यांना न विचारता. त्यांनी नकार द्यायचा कुणाच्या जिवावर? गेटपासला नाव, फोटो आणि कोणत्या घरी काम, एवढे पुरे. आधारची प्रत घेतलीच असेल तर ती ऑफिसच्या कपाटात ठेवावी आणि काम सुटेल त्या दिवशी परत द्यावी.

– सोसायट्यांचे दप्तर सांभाळणारे काही कर्मचारी, ठाणे (प.)