डेटाचे बिल अंगावर आले तर फोन रीसेट करू नका

महोदय,

सुट्ट्या संपल्या की परदेशवारीहून परतलेल्यांच्या तक्रारी सुरू होतात. रोमिंग बंद होते, फोन हॉटेलच्या वाय-फायवर होता, तरी डेटाचे हजारोंचे बिल आले. कस्टमर केअरचे उत्तर ठरलेले असते : ‘डेटा तुमच्याच सिमवरून वापरला गेलाय, सर.’ मग फोनच्या दुकानात सल्ला मिळतो, ‘अपडेटनंतर असं होतं, रीसेट मारा.’ कंपनीचे उत्तर अर्धवट आहे आणि दुकानातला सल्ला तर घातकच, कारण फोन कोरा करणाऱ्या फॅक्टरी रीसेटबरोबर फोनमधली डेटा वापराची नोंद, म्हणजे ग्राहकाच्या हातातला एकमेव पुरावा पुसला जातो.

सिमवरून डेटा गेला याचा अर्थ ग्राहकाने तो वापरला, असा होत नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत व्हेरायझन या मोबाइल कंपनीच्या जाळ्यावरचे काही आयफोन ५ वाय-फायला जोडलेले असतानाही मोबाइल डेटा ओढत होते. अ‍ॅपलने सॉफ्टवेअरची दुरुस्ती पाठवली आणि अशा वापराचे पैसे घेणार नसल्याचे व्हेरायझनने जाहीर केले. त्याआधी ऑक्टोबर २०१० मध्ये याच कंपनीला तिथल्या दूरसंचार नियामकाबरोबरच्या (फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन) तडजोडीत सुमारे दीड कोटी ग्राहकांना किमान ५ कोटी २८ लाख डॉलर परत करावे लागले होते. डेटा प्लॅन न घेतलेल्यांकडून मेगाबाइटला १.९९ डॉलर दराने आकारणी झाली होती. फोनमध्ये आधीच भरलेली अ‍ॅप्स आपणहून नेटला जोडली जात, त्याचेही पैसे लावले गेले होते.

आपल्याकडे बहुतेक प्रीपेड पॅकमध्ये रोजची मर्यादा संपली की वेग ६४ केबीपीएसवर येतो, पैसे कापले जात नाहीत. त्यामुळे भांडण होते ते मुख्यतः परदेशातले रोमिंग, पोस्टपेडवरचा जादा वापर आणि डेटा पॅक नसताना बॅलन्समधून झालेली कपात यांवरून. त्यात आता दोन सिमची भर पडली आहे. बँकेच्या ओटीपीसाठी घरचे सिम चालू ठेवतात आणि डेटासाठी तिथले ई-सिम (कार्डाशिवाय फोनमध्येच भरले जाणारे सिम) घेतात. फोनमध्ये ‘ऑटो डेटा स्विचिंग’ (एका सिमचा डेटा अडला की आपोआप दुसऱ्यावर जाणे) चालू असेल आणि घरच्या सिमचे रोमिंग एखाद्या अपडेटनंतर किंवा नवे ई-सिम टाकताना चालू राहिले असेल, तर ई-सिमची रेंज गेल्याक्षणी फोन घरच्या सिमवर उडी मारू शकतो. स्क्रीनवर तेच ‘फाइव्ह-जी’ दिसत राहते.

बिल पाहिल्यावर पहिले काम स्क्रीनशॉटचे. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, सिम आणि मग अ‍ॅपनुसार डेटा वापर या वाटेने जा (कंपनीगणिक नावे थोडी बदलतात). प्रत्येक सिमचा आकडा वेगळा घ्या. ज्या अ‍ॅपचा आकडा फुगलेला दिसतो ते उघडा. फोरग्राउंड (तुम्ही वापरत असताना) आणि बॅकग्राउंड (पडद्याआड, आपोआप) असे दोन आकडे दिसतील. सारा भार बॅकग्राउंडवर असेल तर ते तुमच्या बाजूचे. संशय आला म्हणून ते अ‍ॅप काढून टाकू नका. काढले की त्याचा वापर ‘रिमूव्हड अ‍ॅप्स’ या एका ओळीत जमा होतो आणि दोषी कोण हे दाखवता येत नाही. आयफोनमध्ये मोबाइल डेटाच्या पानावर ‘करंट पीरियड रोमिंग’चा आकडा वेगळा असतो. खाली ‘सिस्टिम सर्व्हिसेस’मध्येही डोकवा. हे मोजमाप दर महिन्याला आपोआप शून्यावर येत नाही, म्हणून तळाशी असलेली शेवटच्या रीसेटची तारीखही चित्रात यायला हवी. त्याच बैठकीत सॉफ्टवेअरची आवृत्ती, बिल्ड क्रमांक, रोमिंग आणि स्विचिंगची बटणे टिपून ठेवा. तोवर नवे अपडेटही घेऊ नका.

आता फोनचा आकडा बिलाशी ताडा. कंपनी जीबी १,०२४ च्या हिशेबाने मोजत असेल आणि फोन १,००० च्या, तर एका जीबीमागे सात टक्क्यांहून थोडा जास्त फरक पडतो. त्यावर भांडण्यात अर्थ नाही. फोन ४० एमबी दाखवतो आणि बिल ४०० एमबी, तर वाद थेट मोजणीचा आहे. दोन्ही जुळत असतील तर मोजणीवर बोट ठेवू नका. तिथे मुद्दा संमतीचा आणि सूचनांचा. वेळाही नीट पाहा. रोमिंगच्या नोंदी परदेशी कंपनीकडून येतात आणि त्यांत तिथली स्थानिक वेळ असू शकते. दुबईची वेळ आपल्या दीड तास मागे. ‘तेव्हा आम्ही विमानात होतो’ असे ठणकावून सांगितलेली तक्रार एवढ्याशा फरकावर आपटते. शिवाय बिलातली वेळ सहसा सेशन, म्हणजे नेटची एक जोडणी, सुरू झाल्याची असते, डेटा प्रत्यक्ष गेल्याची नव्हे. आणखी एक : आयफोनच्या ‘वाय-फाय असिस्ट’वर (वाय-फाय कमकुवत झाले की मोबाइल डेटावर नेणारी सोय) रोमिंगचे खापर फोडू नका. रोमिंगमध्ये ते काम करत नाही, हे अ‍ॅपलनेच सांगितलेले आहे. देशातल्या जादा वापराला मात्र ते कारण असू शकते.

तक्रार १९८ वर करा. १२१ हा माहितीचा क्रमांक आहे. तिथले बोलणे ‘विचारणा’ म्हणून संपते. १९८ वर डॉकेट नंबर (तक्रारीचा नोंदणी क्रमांक) मिळतो, तो लिहून घ्या आणि हाच मजकूर ई-मेलनेही पाठवा : ‘अमुक तारखेच्या बिलातील अमुक रुपयांची डेटा आकारणी मला अमान्य आहे. प्रत्येक सेशनची सुरुवात, आकारमान, परदेशी नेटवर्कचे नाव आणि वेळ कोणत्या देशाची, हे द्यावे. मला पाठवलेल्या वापर-सूचनांची आणि डेटा सेवा सुरू करण्यास मी दिलेल्या संमतीची नोंद द्यावी.’ शेवटचे वाक्य गाळू नका. दूरसंचार नियामक ट्रायच्या ग्राहक संरक्षण नियमांतील २०१५ च्या दुरुस्तीनुसार स्पष्ट संमतीशिवाय डेटा सेवा सुरू करता येत नाही आणि मर्यादेच्या ५०, ९० व १०० टक्क्यांवर ग्राहकाला कळवावे लागते. प्रीपेडवाल्यांनाही मागच्या सहा महिन्यांतील तपशीलवार वापर मागता येतो. त्याचे शुल्क ५० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही.

वाद चालू असताना बिनवादाची रक्कम, म्हणजे भाडे आणि कॉल, मुदतीत भरा आणि तसे लेखी कळवा. थकबाकीच्या नावाखाली नंबर बंद पडला किंवा पोर्टिंग अडले तर मूळ तक्रार बाजूलाच राहते. ऑटो-पे असेल तर आधी ते थांबवा, नाहीतर पूर्ण रक्कम खात्यातून जाईल.

उत्तर पटले नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपिलीय प्राधिकरणाकडे अपील करा. शुल्क नाही, निकालाची मुदत ३९ दिवस. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिथे अर्ज करण्यात वेळ घालवू नये. ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा आहे. टेलिग्राफ कायद्यामुळे ग्राहक मंचाचा अधिकार जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये व्होडाफोन आयडियाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणांना जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. निकाल लागेपर्यंत तो हँडसेट एक्स्चेंजमध्ये देऊ नका.

प्रवासाला निघणाऱ्यांसाठी एवढेच : फोनमधले रोमिंगचे बटण हेही सॉफ्टवेअरच. बिघाड सॉफ्टवेअरमध्ये असेल तर त्या बटणाचा भरवसा काय धरायचा? आंतरराष्ट्रीय रोमिंगचा डेटा कंपनीकडूनच, नेटवर्कच्या पातळीवर बंद करून घ्या आणि त्याचा एसएमएस जपून ठेवा. इंग्रजीत ‘स्टॉप’ लिहून १९२५ वर पाठवले की डेटा सेवा बंद होते, पण मग देशातलीही. विमानातल्या आणि जहाजावरच्या नेटवर्कला देशाचे पॅक सहसा लागू नसते, तिथे फोन एअरप्लेन मोडवरच हवा.

कंपन्यांकडून आमची मागणी मोठी नाही. पॅक घेतल्याशिवाय रोमिंगचा डेटा नेटवर्कवरच बंद असावा आणि बिलातल्या प्रत्येक सेशनपुढे वेळ कुठली, ते छापावे.

— दूरसंचार ग्राहकांच्या तक्रारींचे काम पाहणारे काही कार्यकर्ते, ठाणे