डाएटच्या नावाखाली जेवणाचे खाडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यात नव्या पेठेत आमची खानावळ आहे. आमचे बहुतेक मेंबर स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलंमुली. बीड, लातूर, नांदेड, जळगाव, सोलापूर अशा ठिकाणांहून आलेली, विशी-पंचविशीतली. पूर्वी खाडा पडायचा तो कोणी गावी गेलं म्हणून, नाहीतर आजारी पडलं म्हणून. आता वहीत खाडा मांडताना कारण विचारलं की उत्तर येतं, "काकू, डाएटवर आहे." ही मुलं काय खातात आणि काय टाकतात, हे त्यांच्या आईवडिलांपेक्षा मला जास्त दिसतं, म्हणून हे पत्र.

डाएट म्हणजे आधी पोळी बंद, मग भात बंद. भात नाही तर वरण कशाबरोबर खायचं, म्हणून वरणही जातं. उरते भाजीची वाटी आणि काकडीच्या चार चकत्या. एवढ्यावर मुलगी रात्री दहापर्यंत अभ्यासिकेत कशी बसणार? संध्याकाळी टपरीवर चहा आणि क्रीमरोल होतो, मग दोघींत एक वडापाव, आणि रात्री एक वाजता खोलीवर मॅगी किंवा वेफर्सचं पाकीट. हे मला त्याच सांगतात, त्यात लपवाछपवी नसते. पण त्यांच्या हिशेबात ते खाणं धरलेलंच नसतं. जेवण सोडलं म्हणजे डाएट पाळलं, असं त्यांना मनापासून वाटतं.

गेल्या उन्हाळ्यात पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी आमच्याकडे जेवायला होती. भरतीत मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. वजन उतरलं की पळायला हलकं वाटेल, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. पहाटे रिकाम्या पोटी ग्राउंड, दुपारी नुसतं ताक, रात्री एक वाटी भाजी. एका सकाळी मैत्रिणी तिला दोन्ही बाजूंनी धरून आमच्याकडे घेऊन आल्या. ग्राउंडवर डोळ्यांपुढे अंधारी आली होती. ओठ पांढरे पडलेले, नखं पांढुरकी. पाणी पाजून गूळ-शेंगदाणे खायला लावले आणि दुसऱ्या दिवशी रक्त तपासायला नेलं. हिमोग्लोबिन आठच्या घरात निघालं. बाईमाणसाचं निदान बारा तरी हवं. डॉक्टर म्हणाले, कमतरता जुनीच असणार, खाणं तोडल्यानं ती वाढली. वजन मात्र ४६ किलोवरून ४१ वर आलं होतं, आणि एवढं होऊनही तिला त्याचं समाधान वाटत होतं. त्या समाधानाचीच मला जास्त धास्ती वाटते.

ही काही एकटीची गोष्ट नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या अहवालात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी असल्याची नोंद आहे. त्या वयाच्या मुलग्यांत हे प्रमाण ३१ टक्के आहे. ज्यांच्या अंगात मुळात रक्त कमी, त्याच पोरी डाळ-भाकरी सोडतात आणि मैत्रिणी "किती बारीक झालीस गं" म्हणून कौतुक करतात.

मुलग्यांचं वेगळं. त्यांना पोट आत आणि दंड बाहेर हवेत. जिममध्ये कोणी सांगितलं म्हणून उकडलेल्या अंड्याचं पिवळं काढून टाकतात, आणि अंड्यातली जीवनसत्त्वं बहुतेक त्या पिवळ्यातच असतात. शिवाय पावडर. तिच्या एका मोठ्या डब्याच्या किमतीत आमच्याकडे महिनाभर दोन्ही वेळा जेवण होतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराबद्दल मार्गदर्शन प्रसिद्ध केलं, त्यात प्रोटीन पावडरी टाळाव्यात असं म्हटलं आहे. जिमवाले हे सांगत नाहीत.

ज्यांनी वजन कमी करायला हवं अशीही मुलं आमच्याकडे आहेत. दिवसभर खुर्चीत बसून वाढणारच, त्यांना मी अडवत नाही. पण आठवड्याला अर्धा किलो हा सुरक्षित वेग, आणि कितीही कमी केलं तरी दिवसाला हजार कॅलरींच्या खाली जायचं नाही, असं हीच संस्था सांगते. पहिल्या आठवड्यात काटा झरझर उतरतो ते बरंचसं अंगातलं पाणी असतं. त्याच संस्थेनं दोन हजार कॅलरींचं दिवसाचं ताट सांगितलं आहे. त्यात धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, डाळी, अंडी, मांस मिळून ८५ ग्रॅम. म्हणजे धान्य आहेच, आणि भाजी त्याहून जास्त. खानावळीच्या ताटात भाजी आणि डाळ कमी पडते हे खरं आहे. तूरडाळ महागली की वरण पातळ होतं, भाज्या कडाडल्या की बटाट्याचा रस्सा आठवड्यातून चारदा होतो. आमच्या धंद्यातल्या सगळ्यांनीच याचा विचार करायला हवा. आम्ही हल्ली पोळ्यांऐवजी दोन भाकरी आणि भाताऐवजी उसळीची दुसरी वाटी त्याच पैशांत देतो. आधी कोणी मागत नव्हतं, आता मागतात.

आणखी एक. ताटातली लिंबाची फोड उष्ट्या ताटांतून तशीच परत येते. ती वरणावर, पालेभाजीवर पिळली तर त्यातलं लोह अंगी लागतं. आणि हात धुतले की सगळे टपरीवर चहाला जातात. जेवणाआधी आणि नंतर तासभर चहा घेऊ नये, कारण त्यानं लोह नीट शोषलं जात नाही. यासाठी एक पैसा लागत नाही.

आपल्यासह बहुतेक वर्तमानपत्रांत पंधरा दिवसांत पाच किलो वजन घटवण्याच्या जाहिराती येतात. मुलं त्यांचे फोटो काढून मला दाखवतात. त्या छापू नयेत, ही विनंती. दुसरी विनंती महापालिकेला. शाळेत होतो तोवर आठवड्याला लोहाची गोळी मिळायची, असं यातल्या अनेक मुली सांगतात. गाव सोडून पेठेत आल्यावर त्यांचं रक्त कोण तपासतं? अभ्यासिका आणि वसतिगृहांतल्या मुलामुलींची वर्षातून एकदा तरी हिमोग्लोबिनची तपासणी व्हावी, आणि सोबत एखाद्या आहारतज्ज्ञानं त्यांच्याशी तासभर बोलावं. रविवारी दुपारच्या फीस्टनंतर आमची खानावळ बंद असते. पंचवीस-तीस जण बसतील एवढी जागा, टेबलं, पंखे आहेत. तपासणीला येणाऱ्यांनी ती जरूर वापरावी, भाडं घेणार नाही.

आपली,
एक खानावळचालक,
नवी पेठ, पुणे