छोट्या गावांतल्या पशुवैद्यांचे मनापासून आभार

औषधाआधी दर वेळी वजन करणाऱ्या, गरज नसलेल्या तपासण्या न लिहिणाऱ्या पशुवैद्यांनो, तुमचे आभार मानावे तेवढे थोडेच. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच राहायला हवी, म्हणून वीज गेली की तुमचं लक्ष आधी फ्रिजकडे. पिल्लाला ६-८ आठवड्यांपासून १६ आठवड्यांपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी लस का, तर आईकडून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीची लस निकामी करू शकते. हे तुम्ही प्रत्येकाला न कंटाळता समजावता. मांजराला पॅरासिटामॉल अजिबात नको, एक गोळीही जीव घेऊ शकते, ही तुमची ताकीद तर लाखमोलाची! आणि रात्री-अपरात्री फोन उचलणारे मदतनीस, तुमचेही ऋण मोठे: ‘हिरड्या बघा, पांढऱ्या दिसत असतील तर सकाळची वाट पाहू नका, लगेच आणा.’