लाँगयरब्येन विमानतळावर बर्फ काढणाऱ्या दादांना

दादा,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून दादा म्हणते. उत्तर ध्रुवाजवळच्या तुमच्या स्वालबार्ड बेटांवरून येऊन दीड महिना झाला, तरी हे पत्र लिहायला बसलं की डोळे भरून येतात. आज कसंही करून पुरं करायचं ठरवलंय.

जानेवारीतली दुपार होती. घड्याळात बारा, आणि बाहेर मिट्ट काळोख. त्या दिवसांत तुमच्याकडे सूर्य उगवतच नाही. नी-ऑलेसुंदच्या ‘हिमाद्री’ या भारताच्या संशोधन केंद्रातून मी सकाळीच छोट्या विमानाने तुमच्याकडे पोचले होते. आदल्या रात्री मंगळवेढ्याहून धाकट्या भावाचा फोन आला होता : “ताई, अण्णांना सोलापूरला आयसीयूत ठेवलंय. निघ.” मी उतरले तेव्हा वर डोंगरात बियाण्यांच्या त्या जगप्रसिद्ध कोठाराच्या दाराचा उजेड दिसत होता. तासाभरात वारा असा सुटला की तो उजेड गेला, मग धावपट्टीचे दिवेही दिसेनासे झाले. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोहून येणारं विमान उतरणार की माघारी फिरणार, कुणालाच सांगता येईना.

मला वादळाची भीती नव्हती. भीती होती ती काउंटरांची. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा एका भल्यामोठ्या, झगमगीत विमानतळावर मी अकरा तास अडकले होते. धुकं होतं; धुक्यावर माझा राग नाही. पण “सिस्टिममध्ये काही दिसत नाही” हे एकच वाक्य मी पाच ठिकाणी ऐकलं. आई गेली आहे असं सांगितलं, तर समोरच्याने मानसुद्धा वर केली नाही. विमान रद्द झाल्याचं मला शेवटी एका सहप्रवाशाकडून कळलं. मी घरी पोचले तेव्हा अस्थी सावडून झाल्या होत्या.

आणि तुमच्याकडे काय झालं? बर्फ काढायचं यंत्र बाहेर उभं करून तुम्ही आत आलात. माझ्याबद्दल बहुधा काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं असावं. दाढीत बर्फ अडकलेला. आधी हातमोजा काढलात, मग हात पुढे केलात आणि म्हणालात, “वडील आजारी आहेत ना? आम्ही पट्टी साफ करतोय. अर्ध्या तासाने येऊन सांगतो.”

अर्ध्या तासाने खरंच आलात. म्हणालात, “अजून नाही. वारा आडवा आहे.” आणि परत त्या काळोखात गेलात.

दादा, मला सगळ्यात जास्त आठवतं ते हे “अजून नाही”. चांगली बातमी द्यायला कुणीही येईल. सांगण्यासारखं काहीच हातात नसताना, केवळ शब्द दिला होता म्हणून तुम्ही तेवढ्या थंडीतून चालत आलात. त्यानंतर मी पहिल्यांदा खाली बसले, कुणीतरी दिलेली कॉफी प्यायले. तिसऱ्यांदा आलात ते दारातूनच हात वर करून : “येतंय!”

तुमची ती धावपट्टी गोठलेल्या जमिनीवर 1975 पासून उभी आहे. आता ती जमीन वितळते, पट्टी खचते, आणि तुम्ही लोक पुन्हापुन्हा ती सारखी करता. जेमतेम अडीच हजारांचं गाव, पण हिवाळ्यात त्याचा जगाशी संबंध राहतो तो मुख्यतः या एका पट्टीने. कदाचित म्हणूनच तिथे माणूस म्हणजे नुसतं तिकीट होत नाही. पण मला वाटतं, मोठ्या जागीही हे जमायला हवं. त्याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही.

मी पोचले. अण्णा शुद्धीवर होते. आम्हाला सहा दिवस मिळाले. त्या दिवसांत मी त्यांना तुमची गोष्ट सांगितली, आणि कोठाराचीही : हैदराबादच्या इक्रिसॅट या शेती-संशोधन संस्थेने तिथे ज्वारीचं बियाणं जपून ठेवलंय म्हणून. जन्मभर ज्वारी पिकवलेला माणूस, त्यांना केवढं अप्रूप वाटलं! पण पुन्हा विचारलं ते तुमच्याबद्दलच. “दर खेपेला येऊन सांगितलं त्यानं?” हो अण्णा, दर खेपेला.

पुढच्या जानेवारीत सुट्टी काढा, दादा. आमच्या काळ्या रानात तेव्हा हुरडा असतो. शेकोटीत भाजलेली गरम कणसं तळहातावर चोळून द्यायचं काम अण्णांचं असायचं. तुम्ही आलात तर ते मी करीन.

तुमची,
मंगळवेढ्याची ताई