आधी पत्रिका बघ, मग तिकीट काढ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

सिंफनी ऑर्केस्ट्रा, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा मोठा वाद्यवृंद, ऐकायला पहिल्यांदाच जायचं म्हणतोस, तर तिकिटाआधी कार्यक्रमपत्रिका बघ. कुठे बसायचं हे त्या संध्याकाळी काय वाजणार आहे यावर ठरतं.

साधारण क्रम असा: दहाएक मिनिटांचं ओव्हर्चर (सुरुवातीची छोटी रचना), मग एकल वादकासह अर्ध्या तासाचा कॉन्चेर्टो, वीस मिनिटं मध्यंतर आणि उत्तरार्धात सिंफनी, म्हणजे सगळ्या वाद्यवृंदाची अनेक भागांची मोठी रचना. तिची लांबी नक्की बघून घे. बीथोव्हेनची पाचवी सिंफनी ३५ मिनिटांच्या आत आटोपते, नववी ६५ ते ७० मिनिटं चालते. पहिल्या खेपेला मी चेक संगीतकार द्वोर्झाकची नववी सिंफनी सुचवीन, १८९३ सालची. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची आहे, आणि दुसऱ्या भागातली इंग्लिश हॉर्न या फुंकवाद्याची संथ धून कानात राहून जाते. जाण्याआधी घरी दोनदा तरी ऐक. ओळखीची चाल समोर उलगडताना लक्ष आपोआप टिकतं.

आता जागा. पियानो कॉन्चेर्टो असेल तर रंगमंचाकडे तोंड करून डाव्या हाताला बस. वादकाची बोटं तिथूनच दिसतात. उजवीकडून चेहरा दिसतो, पण हात पियानोआड जातात. अगदी पुढच्या तीन-चार रांगा टाळ: व्हायोलिनं अंगावर येतात आणि त्यांच्यामागे बसलेले ओबो, क्लॅरिनेट, हॉर्न ही फुंकवाद्यं दिसतही नाहीत, नीट ऐकूही येत नाहीत. बाल्कनीच्या खाली, पार मागे तर बसूच नकोस. वरून परतणारा आवाज तिथे पोचत नाही, सगळं दबलेलं वाटतं. पहिल्या बाल्कनीच्या पुढच्या रांगांत मात्र सगळी वाद्यं एकजीव होऊन येतात. काही सभागृहांत वादकांच्या मागेही खुर्च्या असतात. वाद्यवृंद चालवणाऱ्या कंडक्टरचा चेहरा, त्याचा एकेक इशारा समोरून दिसतो म्हणून मला त्या फार आवडतात. पण गायक असतील त्या दिवशी तिथे नको. त्यांची पाठ आपल्याकडे असते आणि शब्द पलीकडे जातात.

अर्धा तास आधी पोच. सुरू झालं की दारं बंद होतात आणि एखादी रचना संपेपर्यंत बाहेर थांबावं लागतं. उशिरा येणाऱ्याचं ओव्हर्चर हमखास हुकतं. शिवाय वाद्यं जुळताना ऐकायला मिळतात. ओबो एकच स्वर धरतो, 'ए', साधारण ४४० हर्ट्झ. त्याचा आवाज बारीक, ठाम, गलक्यातूनही वेगळा कळणारा. मग एकेक घोळका त्याला येऊन मिळतो आणि शेवटी सगळं सभागृह त्या एका स्वराने भरून जातं. हे चुकवू नकोस.

टाळ्यांचं एवढंच लक्षात ठेव. सिंफनीचे बहुधा चार भाग असतात आणि मधल्या शांततेत टाळ्या वाजवत नाहीत. चायकोव्स्कीच्या सहाव्या सिंफनीत लोक हमखास फसतात: तिसरा भाग एवढ्या दणक्यात संपतो की संपलंच वाटतं, आणि खरा शेवट तर अगदी विझत जाणारा आहे. म्हणून कंडक्टरच्या हातांकडे बघ. ते पूर्ण खाली आले की टाळ्या.

मोबाइल बंदच कर. सायलेंटवर ठेवला तरी गजर वाजू शकतो आणि थरथर शेजारच्याला ऐकू येते. खोकल्याची गोळी नेलीस तर कागद आधीच काढून ठेव.

तारीख ठरली की पत्रिका आणि आसनांचा नकाशा पाठव, जागा मिळून निवडू.

तुझा,
मित्र